कच्छची हस्तकला सहल : कापड उलटून बघणाऱ्यांसाठी

डोंबिवलीत ब्लाउज शिवायचं माझं छोटं दुकान आहे. कुणी कापड हातात दिलं की मी आधी ते उलटं करते. कच्छची ही 'वस्त्र आणि हस्तकला सहल' मी त्याच सवयीने तपासली आहे. खोलीतली उशी मऊ होती का, नाश्त्याला किती प्रकार होते, हे इथे सापडणार नाही. कंपनीचं नावही लिहीत नाही, कारण याच धर्तीच्या सहली बरेच जण काढतात आणि जे खटकलं ते बहुतेक ठिकाणी असंच असणार.

बोरिवलीहून कच्छ एक्सप्रेस, सकाळी भुज, पुढे मिनीबस. गटात ठाण्या-पुण्याच्या बायका आणि पिशव्या धरायला आणलेले दोन नवरे. गाइड भुजचाच, आम्हा सगळ्यांना 'बेन' म्हणणारा हसरा मुलगा. जेवण झकास: बाजरीचा रोटला, लसणाची चटणी, ताक. दाबेली तर कच्छचीच, ती तिथे खाल्ली की आपल्या स्टेशनबाहेरची गोड वाटायला लागते.

आता कामाचं. अजरख म्हणजे लाकडी ठशांनी छापून लाल, निळ्या, काळ्या रंगांत रंगवलेलं कापड. ते जिथे छापतात ते अजरखपूर भुजपासून पंधराएक किलोमीटरवर. हे गाव 2001 च्या भूकंपानंतर वसलं. त्याआधी इथले खत्री समाजाचे छपाई कारागीर धमडका गावात होते. तिथली नदी आटत गेली होतीच, भूकंपानंतर पाण्यात लोह वाढलं, आणि लोह वाढलं की लाल रंग काळवंडतो. तेव्हा बऱ्याच कुटुंबांनी आधी पाणी बघितलं, मग जमीन घेतली. काही जण अजूनही धमडक्यात छापतात.

कारखान्यात शिरताच आंबूस वास येतो. तो काळ्या रंगाचा: भंगार लोखंड आणि गूळ पाण्यात घालून दिवसचे दिवस आंबवतात. त्याआधी पांढरं कापड धुऊन एरंडेल, सोडा आणि उंटाच्या लेंड्यांच्या पाण्यात मुरवलेलं असतं, मग हिरड्याच्या पाण्यातून काढून पिवळसर झालेलं असतं. चुना आणि डिंकाची खळ ठशाने लावतात. ती जिथे बसते तिथे रंग चढत नाही, म्हणून नक्षीची बारीक पांढरी रेघ शेवटपर्यंत टिकते. सगळ्यात मजा लाल रंगाची. छापताना तो लाल नसतोच! तुरटीची खळ छापतात, आणि नंतर मंजिष्ठेच्या उकळत्या पाण्यात कापड ढवळलं की जिथे तुरटी असेल तिथेच लाल उमटतो. मधे निळीच्या हौदातल्या बुडी, आणि मधेमधे धुणं, वाळवणं, पुन्हा धुणं. कापड इतक्या वेळा पाण्यातून गेलेलं असतं की शिवल्यावर फारसं आटत नाही, ही आमच्या धंद्याच्या सोयीची गोष्ट.

ठसे सागवानी, बरेचसे गांधीनगरजवळच्या पेथापूरचे. छापणारा माणूस ठसा टेकवतो, मुठीने ठोकतो, उचलतो, पुढे सरकतो; फूटपट्टी नाही, खडूची खूण नाही. 'बिपुरी' म्हणजे दोन्ही बाजूंनी छापलेलं कापड तिथे पाहिलं. मागची नक्षी पुढच्या नक्षीवर तंतोतंत बसवलेली. मी ते उजेडात धरून बघत उभी होते, तर कारागीर हसून म्हणाला, "आप सिलाई करती हो ना?" पुढची दहा मिनिटं तो फक्त माझ्याशी बोलला आणि गाइड घड्याळ दाखवत राहिला. या सगळ्याला सहलीत मिळून पाऊण तास होता. त्यातला अर्धा फोटोंत गेला.

अजरखपुरातच श्रुजन या संस्थेचं एलएलडीसी (लिव्हिंग अँड लर्निंग डिझाइन सेंटर) हे संग्रहालय आहे. चंदाबेन श्रॉफ यांनी 1969 च्या दुष्काळात गावातल्या बायकांना भरतकामाचं काम द्यायला सुरुवात केली, त्यातून श्रुजन उभी राहिली. हे संग्रहालय 2016 चं. आहिर, रबारी, जत, मुतवा, प्रत्येक समाजाचं भरतकाम वेगळं मांडलेलं आहे. सूफ नावाचं भरतकाम करतात तेव्हा कापडावर आधी काहीच काढत नाहीत. उलट्या बाजूने धागे मोजत टाका घालायचा आणि सुलट बाजूला त्रिकोण उगवू द्यायचे. मी आयुष्यभर मोजमाप घेते, पण हे मोजणं निराळंच. खरेदीच्या आधी इथे यायला हवं. आमच्या कार्यक्रमात ते शेवटच्या दिवशी, पिशव्या भरल्यावर होतं. क्रम कुणी लावला देव जाणे.

विणकरांचं गाव भुजोडी मला अजरखपूरइतकंच आवडलं. वणकरांची, म्हणजे विणकरांची घरं, घरात खड्डामाग, धोट्याचा खटखट आवाज रस्त्यापर्यंत. शालीवरची चौमुख, सातखणी अशी नक्षी विणतानाच जादा धागा हाताने घालून उठवतात, नंतर भरत नाहीत. जुन्या धाबळ्या दोन अरुंद पट्टे जोडून केलेल्या असतात आणि त्या जोडावरचा टाका लपवायच्या ऐवजी मिरवलेला असतो. आम्ही शिवणीत जोड आला की गिऱ्हाइकाला तो दिसू नये म्हणून मरतो! काला कॉटनही इथे मिळतं. कोरडवाहू देशी कापूस, आखूड धाग्याचा, त्यामुळे कापड जरा खरबरीत. कुर्त्याला, जॅकेटला छान. ब्लाउजला जाड पडेल.

निरोणा गावात रोगन ही कापडावरची रंगनक्षी पाहिली. एरंडेल उकळून उकळून त्याची चिकट लगदी करतात, त्यात रंग घालतात, तळहातावर घोळवतात आणि लोखंडी काडीने तिचा धागा कापडावर अधांतरी सोडत जातात. अर्धी नक्षी काढायची, कापड दुमडून दाबायचं, उरलेली अर्धी आपोआप. हेच काम करणाऱ्या अब्दुल गफूर खत्री यांना 2019 मध्ये पद्मश्री मिळाली. बघायला अप्रतिम, पण ते भिंतीवर लावा, अंगावर घालून इस्त्री करायला जाऊ नका. त्याच गावातल्या तांब्याचा लेप दिलेल्या घंटा घेतल्या. पांढरं रण संध्याकाळी पाहिलं. त्याचे फोटो तुम्ही शंभर वेळा पाहिलेत, मी काय सांगू.

आता खटकलेलं. हमरस्त्यावरच्या एका मोठ्या वातानुकूलित दुकानापाशी आमची बस अजरखपूरपेक्षा जास्त वेळ थांबली. चहा फुकट, बसायला गाद्या. 'अजरख' म्हणून जे उलगडलं जात होतं ते मी उलटं केलं: मागे रंग फिकट, पुढे एकही ठशाचा जोड दिसेना, प्रत्येक फूल हुबेहूब पहिल्यासारखं. हाताने छापलेल्यात कुठेतरी रेघ केसभर सरकते, दोन ठशांची हद्द कळते. मी गाइडला हळूच म्हटलं, "हे स्क्रीन प्रिंट आहे." तो म्हणाला, "बेन, सब हैंडमेड ही है." माझ्या शेजारच्या काकूंनी तोवर चार दुपट्टे बांधून घेतले होते. स्क्रीन प्रिंट वाईट नाही, मीही दुकानात ठेवते. पण ते त्याच्या भावात विकावं. तिथला भाव अजरखपूरच्या खऱ्या दुपट्ट्याइतकाच होता.

आणि हो, भुजोडीत विणकराच्या ओट्यावर बसून निम्म्या किमतीला मागणं आमच्याच गटातल्या बायकांनी केलं. तो बिचारा नम्रपणे नाही म्हणत राहिला. याचा दोष कंपनीला देता येणार नाही.

पाचपैकी तीन तारे. दोन अजरखपूर-भुजोडीला, एक रोटल्याला. पुन्हा जाईन तर सहलीने नाही. भुजला राहून दिवसाची गाडी ठरवायची, सकाळी आधी संग्रहालय, मग छापखाना, आणि हमरस्त्यावर फक्त चहासाठी थांबायचं. थंडीत जा, उन्हाळ्यात त्या शेडमध्ये भट्टीजवळ उभं राहवणार नाही. म्हाताऱ्या माणसांना मात्र सहल बरी, चढउतार कमी आणि सोबत असते.

ब्लाउजसाठी अजरख घेणार असाल तर नेहमीचा ऐंशी सेंटिमीटरचा हिशोब धरू नका, सव्वा मीटर घ्या. बाही आणि पाठ यांची नक्षी जुळवायला तेवढं लागतं. पहिल्या एक-दोन धुण्यांत नीळ सुटते, तेव्हा रिठ्याच्या पाण्यात एकटंच धुवा, सावलीत वाळवा. आणि शिवायला देताना शिंपिणीला आधीच सांगा की सुलट बाजू कुठली, नाहीतर बिपुरी कापडावर तीही बुचकळ्यात पडेल.