शिकी, अनदर, मोनोनोके की जिगोकु शोजो? कपड्यांसाठी भय-ॲनिमे निवडताना

भयकथांचं ॲनिमे, म्हणजे जपानी ॲनिमेशन मालिका, सुचवताना लोक रक्त किती आहे, दचकायला किती होतं, शेवट कसा आहे एवढंच सांगतात. पात्रांनी काय घातलंय याबद्दल कुणी अवाक्षर काढत नाही. हा आढावा अशा वाचकासाठी आहे, ज्याला कापड, शिवण आणि नक्षी यांत रस आहे, भीतीचं वावडं नाही आणि हाताशी सध्या एकाच मालिकेपुरता वेळ आहे. चार मालिका समोर ठेवतो: शिकी (२०१०), अनदर (२०१२), मोनोनोके (२००७) आणि जिगोकु शोजो (२००५). मोनोनोकेचा ‘प्रिन्सेस मोनोनोके’ या गाजलेल्या चित्रपटाशी काही संबंध नाही, हे आधीच सांगून ठेवतो, कारण शोधताना हमखास गोंधळ होतो.

माझं मत स्पष्ट आहे. एकच बघणार असाल तर शिकी. मोनोनोके तिच्याहून देखणी आहे, पण कपड्यांमुळे माणसांबद्दलचं आपलं मत बनतं आणि पुढे तेच मत उलटं फिरतं, हे शिकीइतकं कुठेच घडत नाही.

शिकी

फुयुमी ओनो यांची मूळ कादंबरी १९९८ची. तिच्यावर र्यू फुजिसाकी यांनी मांगा (जपानी चित्रकथा) काढला आणि ॲनिमेतल्या पात्रांची रूपं त्या मांगावरून आली. कथा घडते सोतोबा या डोंगरांनी वेढलेल्या, जेमतेम तेराशे वस्तीच्या खेड्यात, १९९०च्या दशकातल्या एका भाजून काढणाऱ्या उन्हाळ्यात. इथे मृतांना जाळत नाहीत, पुरतात. पुढचं सगळं त्यावरच उभं आहे.

पहिल्याच भागात शिमिझु मेगुमी भेटते. वय पंधरा, केस गुलाबी, कपडे अगदी ठेवणीतले. गावच्या रस्त्यावरून ती अशी चालते, जणू एखाद्या मोठ्या शहरातल्या बाजारपेठेत फिरतेय. तिला हे गाव नकोसं झालंय, आणि शहरातून आलेल्या नात्सुनो या मुलावर तिचा जीव जडलाय. अशी मुलगी आपल्याला ओळखीची वाटते आणि थोडी उथळही वाटते. मग टेकडीवर युरोपीय धाटणीचा वाडा उभा राहतो, त्यात किरिशिकी कुटुंब राहायला येतं, आणि मेगुमीला वाटतं की आपल्यासारखी माणसं अखेर आली. तिची नटण्याची हौसच तिला त्या वाड्याकडे ओढते. भयकथेत बळी सहसा अंधारात एकटं जाण्यामुळे जातो. इथे तो आवडीनिवडीमुळे जातो, आणि म्हणून तो मला जास्त लागला.

वाड्यातली सुनाको पाहताच कळतं की तिचा पोशाख गॉथिक लोलिताच्या वळणाचा आहे: लेस, झालरी, फुगीर घेर, बाहुलीसारखी ठेवण. ही फॅशन टोकियोच्या हाराजुकू भागात १९९०च्या दशकाच्या अखेरीस बहरली. सोतोबात मात्र कुणी शेतात राबणारं आहे, कुणी दुकानात बसणारं, डॉक्टर ओझाकी पांढऱ्या कोटात, सेइशिन मठातला भिक्षू. त्या सगळ्यांत सुनाको पूर्णपणे परकी दिसते. म्हणून पहिल्या निम्म्या मालिकेत प्रेक्षकाचं गणित सोपं असतं: नटलेले ते घातकी, साधे ते आपले.

शेवटच्या काही भागांत हे गणित मोडून पडतं. (कथेचं वळण आधी कळायला नको असेल तर पुढची दोन वाक्यं सोडून द्या.) रोजच्या साध्या कपड्यांतली, आपण इतका वेळ ज्यांच्या बाजूने होतो ती गावकरी माणसं रक्तानं माखून काम उरकताना दिसतात, आणि लेसच्या झग्यातली मुलगी जिवाच्या आकांतानं पळत असते. भीती कोणाच्या कपड्यांत आहे, हे त्या क्षणी ठरवता येत नाही.

उणी बाजूही सांगतो. फुजिसाकींचे केस हा वेगळाच प्रकार आहे. काही पात्रांच्या डोक्यावर जे उभं आहे ते गुरुत्वाकर्षणाला जुमानत नाही, आणि सुरुवातीला त्यामुळे गांभीर्याला धक्का बसतो. पहिले चारपाच भाग संथ आहेत. एकूण २२ भाग, म्हणजे साधारण साडेआठ तास. एवढा धीर नसेल तर दुसरीकडे वळा.

मोनोनोके

इथे कथेपेक्षा कापड मोठं आहे आणि मला त्याबद्दल तक्रार नाही. केन्जी नाकामुरा यांनी दिग्दर्शित केलेल्या या १२ भागांत पाच कथा आहेत. चित्रावर सगळीकडे जपानी हातकागदाचा पोत चढवलेला आहे, त्यामुळे किमोनोवरची (पारंपरिक जपानी झग्यावरची) नक्षी छापील चित्रासारखी सपाट राहते. माणूस वळला तरी नक्षी त्याच्याबरोबर नीट वळत नाही. आधी डोळ्यांना खटकतं, मग त्याचीच सवय लागते.

नायक म्हणजे एक फिरता औषधविक्या. त्याला नाव नाही. रंगीबेरंगी दाट नक्षीचा किमोनो, डोक्याला फडकं, चेहऱ्यावर लाल रेघा, पायात उंच लाकडी खडावा, पाठीवर डोळ्याचं चित्र असलेली पेटी. पहिल्या चार कथा एदो काळात (सतरावं ते एकोणिसावं शतक) घडतात. शेवटची घडते विसाव्या शतकातल्या रेल्वेच्या डब्यात, जिथे प्रवासी कोट, टोप्या, पाश्चात्त्य पोशाख घालून बसलेत. काळ बदलला, सगळ्यांचे कपडे बदलले, हा मात्र तसाच. तो माणूस आहे की नाही, ही शंका एकही संवाद न घालता मनात येते.

‘नुए’ ही कथा आवर्जून बघा. सुगंध ओळखण्याच्या खेळाभोवती ती फिरते. सगळं जवळजवळ रंगहीन, आणि धूप हुंगला की तेवढ्यापुरता रंग उमलतो. कपड्यांतला रंग काढून घेतला की माणूस किती मेल्यासारखा दिसतो, हे तिथे कळतं.

किमोनोचं एक वैशिष्ट्य आपल्याकडच्या लोकांना चटकन उमजेल. तो सुमारे ३६ ते ३८ सेंटिमीटर रुंदीच्या लांब पट्ट्यातून, सरळ रेषेत कापून शिवतात. अंगाच्या वळणाप्रमाणे काप घेत नाहीत. म्हणून साडी विणताना काठ आणि पदर अंगावर कुठे येणार याचा विचार होतो, तसा इथेही नक्षी कुठे पडेल याचा विचार आधी करावा लागतो. मोनोनोकेचे चित्रकार हा विचार पुरेपूर करतात.

मग ती पहिली का नाही? कारण कथा कोड्यासारख्या बांधलेल्या आहेत आणि चित्र इतकं भरगच्च असतं की पहिल्यांदा बघताना एक तर कपडे दिसतात, नाहीतर कथा कळते. दोनदा बघायची तयारी असेल तर मात्र माझा सल्ला बदला आणि इथूनच सुरुवात करा.

अनदर

पी. ए. वर्क्स या स्टुडिओची १२ भागांची मालिका, युकितो आयात्सुजी यांच्या कादंबरीवरून. काळ १९९८, जागा योमियामा नावाच्या गावातली माध्यमिक शाळा, तिसऱ्या वर्षाची तिसरी तुकडी. वर्गात एक जास्तीचा आहे, तो मेलेला आहे आणि तो कोण ते कुणालाच ठाऊक नाही, त्याला स्वतःलाही नाही.

इथे फॅशन शोधायला जाल तर हाती फारसं काही लागणार नाही. पण गणवेशाचा इतका चोख उपयोग मी क्वचित पाहिला. सगळे सारखे दिसतात, म्हणूनच जास्तीचा लपून राहतो. त्या एकसारखेपणात मिसाकी मेई उठून दिसते ती फक्त डाव्या डोळ्यावरच्या पांढऱ्या पट्टीमुळे. आणि याच मुलीला अख्खा वर्ग ‘नाही’ असं मानून वागतो. जी सर्वांत आधी नजरेत भरते, तिच्याकडेच कुणी पाहत नाही. वसंतात ब्लेझर आणि पुढे उन्हाळी गणवेश हा बदलही कथेत येतो. जपानी शाळांत हा पालट रूढीनं १ जूनला होतो. समुद्रकिनाऱ्यावरच्या भागात मुलं आपापल्या कपड्यांत दिसतात, आणि तेव्हा जाणवतं की ही एरवी किती साधी पोरं आहेत.

मृत्यूंची मांडणी मात्र अंगावर येते. छत्रीचा प्रसंग बघितल्यावर पावसाळ्यात जिना उतरताना तो आठवेल.

जिगोकु शोजो

पहिला हंगाम २६ भागांचा आणि प्रत्येक भागाचा साचा एकच: कुणीतरी मध्यरात्री संकेतस्थळावर शत्रूचं नाव लिहितं, एन्मा आइ येते, गवताची बाहुली देते, तिचा लाल धागा सोडला की सूड पुरा होतो. सलग बघायला कंटाळवाणी. आठवड्याला एक भाग, असं बघितलं तर बरी.

पण तिच्याकडे एक गोष्ट आहे जी बाकी तिघींकडे नाही. आइ एरवी काळ्या सेलर गणवेशात, म्हणजे खलाशांच्या धाटणीच्या शाळेच्या गणवेशात असते. धागा सुटला की ती पाण्यात स्नान करते, पडद्याआडून आजीचा आवाज येतो की किमोनो ठेवलाय, आणि मग फुलांच्या नक्षीचा गडद किमोनो घालून ती निघते. कपडे बदलणं हाच इथे विधी आहे. तो दर भागात येतो, तरी मी तो कधी वगळला नाही.

आणि शिवायचं असेल तर

मुंबईतल्या कॉमिक कॉनसाठी (कॉमिक्स-ॲनिमे चाहत्यांच्या मेळाव्यासाठी) यांतल्या एखाद्या पात्राचा वेश करायचा बेत असेल, तर क्रम बदलतो. सर्वांत सोपी मेई: शाळेचे गणवेश शिवणारा कोणताही शिंपी ब्लेझर बेतून देईल, पट्टी औषधाच्या दुकानात मिळेल. एक डोळा झाकल्यावर अंतराचा अंदाज चुकतो, तेव्हा जिन्यावर पट्टी वर करा. आइचा सेलर गणवेशही आवाक्यातला आहे, फक्त कॉलर मागे चौकोनी आणि सपाट पडली पाहिजे, म्हणून आत कडक अस्तर घालायला सांगा. सुनाकोला लेस आणि आतला फुगीर परकर यांचाच खर्च जास्त, आणि गर्दीत उकडणार हे धरून चाला. औषधविक्याचा किमोनो शिवायला सरळ आहे, पण तसं कापड तयार मिळणं कठीण. साध्या सुती कापडावर नक्षी छापून किंवा रंगवून घ्यावी लागेल.

किमोनो कोणाचाही करा, घालताना स्वतःची डावी बाजू उजवीच्या वर घ्या. उजवी बाजू वर ही रीत जपानमध्ये प्रेताला कपडे घालताना पाळतात.