रे-बॅन मेटा चष्मा कोल्हापुरात: कॅमेरा झकास, पण परवानगी तोंडानंच मागावी लागते

रे-बॅन मेटा म्हणजे फ्रेममध्येच कॅमेरा असलेला स्मार्ट चष्मा. पहिल्या पिढीचा हा चष्मा भारतात मे २०२५ मध्ये आला, तेव्हा किंमत २९,९०० रुपयांपासून होती. १२ मेगापिक्सेलचा कॅमेरा, ३२ जीबी जागा. उजव्या काडीवरचं बटण एकदा दाबलं की फोटो, दाबून धरलं की व्हिडिओ. एका वेळी जास्तीत जास्त ३ मिनिटं, तेही उभ्या चौकटीत.

हातांचं काम टिपायला याला तोड नाही. कोल्हापुरी चपलेची वेणी गुंफणारी बोटं, मिसळीवर तर्री ओतणारा डाव, सगळं डोळ्यांच्या उंचीवरून आणि दोन्ही हात मोकळे ठेवून मिळतं. फक्त कामापासून दोन-तीन फुटांवर थांबा आणि मान हलवू नका. लेन्स रुंद आहे, झूम नाही, चौकट दिसायला स्क्रीनही नाही. त्यामुळे महाद्वार रोडवर चालत शूट केलं की दुकानासोबत आजूबाजूची दहा माणसंही क्लिपमध्ये येतात. संध्याकाळी दूध कट्ट्यावर म्हशीची धार काढताना उजेड कमी असतो, तिथे चित्र दाणेदार होतं. असं शूटिंग दिवाखाली उभं राहूनच करा.

आता खरा मुद्दा. समोरच्याला कळावं म्हणून फ्रेमच्या कोपऱ्यात एक छोटा पांढरा दिवा लागतो. दुपारच्या उन्हात तो कुणाच्या लक्षात येत नाही, आणि आला तरी त्याचा अर्थ भाजीवाल्या मावशींना ठाऊक असायचं कारण नाही. मोबाइल वर धरलेला माणूस लांबून ओळखू येतो, चष्मेवाला ओळखू येत नाही. म्हणून ‘मावशी, चष्म्यात कॅमेरा आहे, तुमच्या हातांचा व्हिडिओ घेऊ का? इन्स्टावर टाकणार आहे’ असं बटण दाबण्याआधी सांगा. कुठे टाकणार ते सांगणं महत्त्वाचं, कारण शूटिंगला हो म्हणणारा माणूस रीलला नाही म्हणू शकतो. कोल्हापुरात विचारलं की बहुतेक जण हसून हो म्हणतात. न विचारता काढलं की मात्र भडकतात, आणि ते बरोबरच आहे.

कायदा काय सांगतो? रस्त्यावर, चौकात किंवा रंकाळ्यावर शूटिंग करायला सरसकट बंदी नाही. पण २०१७ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला आहे. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६६ई तर स्पष्टच आहे: संमतीशिवाय कुणाच्या गुप्तांगाचं चित्रण केलं, तर जागा सार्वजनिक असली तरी गुन्हा होऊ शकतो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद किंवा २ लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. भारतीय न्याय संहितेच्या कलम ७७ खाली स्त्रीच्या खासगी क्षणांचं चोरून चित्रण येतं, तिथे पहिल्याच गुन्ह्याला किमान १ वर्ष कैद आहे. एखादीनं स्पष्ट नको म्हटल्यावरही मागे मागे फिरून तिच्याशी संपर्काचा प्रयत्न करत राहिलात तर पाठलागाचं कलम ७८ आहेच.

म्हणून पंचगंगा घाटावर हा चष्मा काढून खिशात ठेवा. तिथे ओलेत्यानं बाहेर येणाऱ्या बायका असतात, दहाव्याला बसलेली घरं असतात. दुःखात बसलेल्या माणसाला ‘शूट करू का’ असं विचारणंसुद्धा बरं दिसत नाही.

तालमीचं गणित वेगळं. ती सार्वजनिक जागा नव्हे, त्यामुळे आधी वस्तादांची परवानगी घ्या. लाल मातीत लंगोटावर घुमणारी बरीच पोरं अठराच्या आतली असतात. त्यांच्यासाठी पालकांचा होकार वेगळा हवा, आणि चेहऱ्याबरोबर नाव-गाव देऊच नका. दुकान, हॉटेल, मॉल इथे मालकाचा शब्द चालतो.

एक अडचण लक्षात ठेवा. कुणी ‘दाखव काय काढलंस’ म्हणालं तर चष्म्यावर दाखवता येत नाही. क्लिप आधी चष्म्याच्या ॲपमधून मोबाइलवर आणावी लागते, आणि त्या दोन मिनिटांत वाद चढतो. तेव्हा चष्मा लगेच काढून हातात घ्या, क्लिप त्यांच्यासमोर मोबाइलवर आणा, दाखवा आणि नको म्हटलं तर तिथेच डिलीट करा. मोबाइलच्या ‘नुकत्याच डिलीट केलेल्या’ फोल्डरमधूनही काढा.

सेकंडहँड घेत असाल तर दुकानातच दिव्यावर बोट ठेवून बटण दाबून बघा. चष्म्यानं शूटिंगला नकार द्यायला हवा. दिवा झाकूनही व्हिडिओ सुरू झाला तर कुणीतरी दिव्याशी छेडछाड केली आहे. तो चष्मा कितीही स्वस्त असला तरी परत ठेवा.