कॅनडाच्या हिवाळ्यासाठी बूट: नमद्याचे, पडद्याचे की रबराचे?

टोरंटोजवळच्या ब्रॅम्प्टनमधल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात मी ‘उणे 40 अंशांपर्यंत’ अशी चिठ्ठी लावलेले बूट घेतले आणि उणे 12 अंशांच्या एका सकाळी बसथांब्यावर पंचवीस मिनिटे उभे राहिल्यावर माझ्या पायांची बोटे बधिर झाली. बुटांत काही दोष नव्हता. मी ते अगदी मापात बसणारे, म्हणजे थंडीच्या हिशेबाने घट्ट घेतले होते, आत सुती मोजे घातले होते आणि आदल्या दिवशीचा घाम अस्तरात तसाच मुरलेला होता. तेव्हापासून दर सप्टेंबरात भारतातून नव्याने आलेले कुणी ना कुणी ‘कोणते बूट घेऊ?’ असे विचारते, तेव्हा मी आधी शहर विचारतो, मग रोज किती चालावे लागते ते विचारतो, आणि चिठ्ठीवरच्या अंशांकडे सर्वांत शेवटी वळतो.

त्या अंशांबद्दल आधीच सांगून टाकतो. रोजच्या वापराच्या बुटांवर छापलेला आकडा ही बहुतेक वेळा उत्पादकाने आपल्या पद्धतीने ठरवलेली गोष्ट असते. सर्व उत्पादकांना बंधनकारक असे एकच मोजमाप त्यामागे नसते, त्यामुळे एका कंपनीचे उणे 30 आणि दुसऱ्या कंपनीचे उणे 30 यांची तुलना करण्यात फारसा अर्थ नाही. शिवाय चालणारा माणूस स्वतःची ऊब स्वतः तयार करतो आणि थांब्यावर उभा असलेला माणूस ती तळव्यांवाटे जमिनीला देत राहतो, हा फरक कोणत्याच चिठ्ठीवर लिहिलेला नसतो.

दुकानात तुमच्यासमोर मुख्यतः तीन जातींचे बूट येतील. पहिली जात म्हणजे खाली रबराची वाटी, वर चामडे किंवा जाड कापड आणि आत काढता-घालता येणारा नमद्याचा, म्हणजे तंतू दाबून केलेल्या जाड फेल्टचा, मोजासदृश बूट. हे कॅनडाचे जुने हिवाळी पादत्राण आहे. ओंटारिओतल्या किचनर येथील कॉफमन कंपनीने 1962 मध्ये सोरेल या नावाने बाजारात आणलेले बूट याच घराण्यातले; ती कंपनी 2000 मध्ये दिवाळखोरीत गेली आणि ते नाव अमेरिकेतल्या कोलंबिया कंपनीने विकत घेतले. त्यांच्या ‘कॅरिबू’ या प्रसिद्ध जोडातला नमदा 9 मिलिमीटर जाडीचा असतो. दुसरी जात म्हणजे गिर्यारोहणाच्या बुटांसारखे दिसणारे, घोट्याच्या वर येणारे हलके बूट, ज्यांत पाणी अडवणारा गोअर-टेक्ससारखा पडदा आणि थिन्सुलेटसारखे कृत्रिम तंतूंचे अस्तर आतच शिवलेले असते. तिसरी जात गमबुटाची धाकटी बहीण म्हणावी अशी: खाली अखंड रबर आणि वर निओप्रीनचा, म्हणजे पाणबुड्यांच्या पोशाखाच्या साहित्याचा, गुडघ्याखालपर्यंत येणारा भाग. मेंढीच्या कातड्याचे मऊ बूट दिसायला गोड आणि आतून उबदार असतात, पण वितळत्या बर्फाच्या राड्यात एकदा भिजले की संपले. आणि सह्याद्रीतल्या भटकंतीसाठी घेतलेले बूट सोबत आणून पैसे वाचतील या समजुतीत कुणी राहू नये, कारण त्यांचा सोल कातळासाठी केलेला असतो, बर्फासाठी नव्हे.

या तिन्हींतला खरा फरक उबेत कमी आणि पाण्यात जास्त आहे, आणि पाणी दोन वाटांनी येते. बाहेरून येणारे पाणी सर्वांना दिसते. टोरंटोत जानेवारीचे सरासरी तापमान उणे 4 अंशांच्या आसपास असते. म्हणजे दुपारी बर्फ वितळतो, रात्री गोठतो, तो वितळावा म्हणून त्यावर खडे मीठ टाकतात आणि प्रत्येक चौकात पदपथाच्या कडेशी करड्या, खारट राड्याचे डबके साचते, जे वरून घट्ट दिसते आणि पाय टाकताच घोट्यापर्यंत आत घेते. अशा शहरात रबराची वाटी किंवा अखंड रबर यांना तोड नाही, कारण तिथे झिरपायला शिवणच नसते. पडद्याच्या बुटांतही पाणी अडते, पण तिथे बुटाची जीभ दोन्ही बाजूंनी किती उंचीपर्यंत शिवलेली आहे ते बोट घालून पाहावे. जीभ जिथे सुटी होते तिथपर्यंतच तो बूट जलरोधक असतो. आणि चिठ्ठीवर ‘वॉटरप्रूफ’ऐवजी ‘वॉटर रेझिस्टंट’ लिहिले असेल, तर तो बूट हिमभुरभुरीपुरता आहे असे समजून खाली ठेवावा.

दुसरे पाणी आतून येते आणि नवखे लोक इथेच फसतात. पाय दिवसभर घामेजतो आणि ओलसर अस्तर ऊब धरून ठेवत नाही. रबरातून वाफ बाहेर जात नाही, हे उघडच आहे. पडद्यातून ती जाते अशी जाहिरात असते आणि ती खोटी नाही, परंतु कडाक्याच्या थंडीत वाफ पडद्यापर्यंत पोचण्याआधीच अस्तरात थंड होऊन पाणी किंवा दहिवर होते, त्यामुळे उणे 20 अंशांत ‘श्वास घेणारा बूट’ हे शब्द फारसे मनावर घेऊ नयेत. इथे नमद्याचा बूट दोघांवर मात करतो, कारण घरी आल्यावर आतला भाग उपसून वेगळा सुकत घालता येतो आणि सकाळपर्यंत तो कोरडा होतो. शिवलेले अस्तर मात्र रात्रीत पुरते सुकत नाही; वर्तमानपत्राचे बोळे भरून ठेवावे लागतात, आणि घाई करून बूट हीटरवर ठेवला तर चामडे तडकते आणि सोलचा गोंद सुटतो. रोज दोन तासांहून अधिक बाहेर असणाऱ्याने नमद्याचा एक जादा जोड घेऊन ठेवावा. नव्या बुटांच्या मानाने तो पुष्कळ स्वस्त पडतो.

मग सगळ्यांनी नमद्याचेच का घेऊ नयेत? कारण ते जड असतात, ढगळ असतात आणि त्यांत गाडी चालवताना ब्रेकवर नेमका किती दाब पडतो आहे याचा अंदाज येत नाही. भुयारी रेल्वेच्या तापलेल्या डब्यात चाळीस मिनिटे बसून, शेवटची दहा मिनिटे चालून कार्यालयात पोचणाऱ्या माणसाला त्यांत निव्वळ घाम फुटेल. त्याच्यासाठी पडद्याचे बूट सोयीचे. त्यांच्यावर 200 किंवा 400 ग्रॅम असा आकडा असतो, तो बुटाच्या वजनाचा नसून अस्तराच्या एका चौरस मीटरचे वजन सांगतो. चालत्या माणसाला टोरंटोत 200 पुरतात, थांब्यावर रेंगाळणाऱ्याने 400 घ्यावेत. एवढे लक्षात ठेवावे की हे अस्तर पायाच्या वरून आणि बाजूंनी काम करते, तळव्याखाली ते अंगाच्या भाराने दबून जाते. म्हणून तळाशी नमद्याचा किंवा लोकरीचा जाड सुखतळा वेगळा घालावा, आणि बूट घेतानाच तेवढी जागा ठेवावी.

निओप्रीनच्या बुटांची बाजू मला एका ठिकाणी फार पटते. कॅनडात घराच्या दारातच बूट काढतात, शाळांत मुलांसाठी वर्गातले बूट वेगळे असतात, अनेक कार्यालयांतही बाहेरचे बूट दाराशी ट्रेमध्ये निथळत असतात. आपल्याला ही रीत नवी नाही, पण दिवसातून सहा वेळा नाडी सोडण्या-बांधण्याची सवय आपल्यालाही नाही. हे बूट नुसते ओढून चढतात आणि उतरतात. लहान मुलांसाठी आणि कुत्र्याला दिवसातून तीनदा फिरवणाऱ्यांसाठी मी दुसरे काही सुचवणार नाही. मैलभर चालण्यासाठी मात्र ते वाईट, कारण टाच आत सुटते, घासते आणि फोड येतात.

आता त्या गोष्टीकडे येतो जी दुकानात कुणी विचारत नाही, म्हणजे सोलची पकड. गारठ्याने बोटे बधिर होणे त्रासदायक आहे, पण घसरून मनगट किंवा खुबा मोडणे त्याहून वाईट. टोरंटोतल्या पुनर्वसन संशोधन संस्थेने यासाठी एक प्रयोगशाळा उभारली आहे, जिथे बर्फाच्या जमिनीवर माणसे प्रत्यक्ष चालवतात आणि पाय घसरेपर्यंत जमिनीचा उतार वाढवत नेतात. सात अंशांच्या उतारावर टिकलेल्या बुटाला एक हिमकण, अकराला दोन आणि पंधराला तीन असे गुण मिळतात. सात अंश म्हणजे फार नव्हे. पदपथाच्या कडेला चाकाच्या खुर्चीसाठी केलेला उतार जवळपास एवढा असू शकतो. तरीही 2016 मध्ये पहिले निकाल जाहीर झाले तेव्हा तपासलेल्यांपैकी सुमारे नव्वद टक्के जोड नापास ठरले, आणि त्यांत महागडे बूटही होते. ‘रेट माय ट्रेड्स’ या नावाने हे निकाल सर्वांना पाहता येतात. पैसे देण्यापूर्वी ते पाहावेत.

खोल नक्षी म्हणजे चांगली पकड, हा समज ताज्या भुसभुशीत बर्फापुरताच खरा आहे. काचेसारख्या गुळगुळीत बर्फात ती नक्षी कशात रुतणार? तिथे रबराचा मऊपणा आणि त्यात मिसळलेले खरखरीत कण किंवा तंतू कामी येतात. साधे रबर आणि स्वस्त प्लास्टिक थंडीत कडक होऊन घसरू लागते. मोटारीला हिवाळी टायर लावतात ते याच कारणाने. क्वेबेकमध्ये 1 डिसेंबर ते 15 मार्च मोटारींना असे टायर कायद्याने सक्तीचे आहेत, माणसाच्या पायांची काळजी मात्र ज्याची त्याने घ्यायची आहे. बर्फ सर्वांत निसरडा शून्य अंशाच्या आसपास, वर पाण्याचा पातळ थर असताना होतो, म्हणून घसरण्याची भीती विनिपेगपेक्षा टोरंटोत अधिक, हे ऐकायला विचित्र वाटले तरी तसेच आहे.

तेव्हा माझा कौल असा. टोरंटो, हॅमिल्टन इथे नोकरी किंवा शिक्षणासाठी येणाऱ्याने पोटरीच्या मध्यापर्यंत येणारे, 200 ते 400 ग्रॅम अस्तराचे, पडद्याचे बूट घ्यावेत आणि निवड करताना हिमकण पाहावेत. जिथे जानेवारीची सरासरीच उणे 16 अंशांच्या आसपास असते त्या विनिपेगला, किंवा एडमंटनला, जाणाऱ्याने नमद्याचेच घ्यावेत. तिथला बर्फ कोरडा असतो आणि प्रश्न निव्वळ थंडीचा असतो. माँट्रियल आणि ओटावा मधे पडतात, तिथे दोन्हीची गरज लागते, आणि एकच जोड परवडत असेल तर मी नमद्याकडे झुकेन. व्हँकुव्हरला जाणाऱ्याने यातले काहीच घेऊ नये. तिथला हिवाळा पावसाचा आहे आणि कोकणात वाढलेल्या माणसाला तो गमबुटांवर निभावता येईल.

मापाबाबत एक घोळ टाळावा. भारतात बुटांची मापे ब्रिटिश पद्धतीची असतात, कॅनडात अमेरिकी. पुरुषांचा आपला आठ क्रमांक तिथे साधारण नऊ होतो आणि बायकांचा पाच साधारण सात. त्यावर आणखी अर्धे माप वाढवावे. दुकानात संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, लोकरीचे जाड मोजे घालून जावे, बूट घालून बोटे हलवून पाहावीत, आणि बोटे मोकळी हलत असूनही टाच वर उचलली जात नसेल तर तो जोड आपला. मोजे लोकरीचेच हवेत, त्यातही मेरिनो लोकरीचे चांगले. सुती मोज्यांचा गठ्ठा आईने कितीही आग्रहाने बॅगेत भरला असला तरी तो उन्हाळ्यापर्यंत कपाटात राहू द्यावा. आणि पहिल्याच आठवड्यात बुटांवर मिठाचे पांढरे नागमोडी डाग उमटले की घाबरू नये, व्हिनेगर आणि पाणी सारखे मिसळून फडक्याने पुसले की ते जातात. पुसायचे तेवढे राहून गेले तर मात्र मार्चपर्यंत चामड्याला भेगा पडतात.