कर्ल: साईट अडली की मी आधी हेच उघडते

तासगावच्या एका बेदाणा व्यापाऱ्यांची साईट मी सांभाळते. ऐन दिवाळीच्या तोंडावर त्यांचा फोन आला, "ताई, गुगलवर आपल्या बेदाण्याच्या जागी 'लवकरच भेटू' असं काहीतरी दिसतंय." होस्टिंगवाल्यांनी देखभालीसाठी तसं पान लावलं होतं. त्यांना विचारलं, तर उत्तर आलं, "मॅडम, सर्व्हर चालू आहे."

मी आज्ञा टाइप करायची काळी खिडकी उघडली, कर्ल (curl, सर्व्हरला थेट विनंती करून त्याचं उत्तर दाखवणारं साधन) लिहिलं, उणे चिन्हाला जोडून कॅपिटल आय, पुढे साईटचा पत्ता. पहिल्याच ओळीत सर्व्हरच्या उत्तराचा आकडा आला, 200. म्हणजे सर्व्हर गुगलला सांगत होता की सगळं ठीक आहे, हेच खरं पान. तिथे 503 (सेवा सध्या बंद) हवा होता आणि सोबत रिट्राय-आफ्टर, म्हणजे थोड्या वेळाने परत या. ती ओळ कंपनीला पाठवली, तेव्हा कुठे पुढचं बोलणं सुरू झालं.

ब्राउझर हा आकडा सहसा दाखवतच नाही, म्हणून कर्ल लागतं. स्वीडनच्या डॅनियल स्टेनबर्ग यांचं हे साधन 1998 पासून या नावाने आहे आणि फुकट आहे. विंडोज 10 मध्ये 2018 पासून ते आयतंच मिळतं. फक्त विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये नुसतं कर्ल लिहिलं तर दुसरीच आज्ञा चालते, तिथे कर्ल डॉट ईएक्सई असं पूर्ण लिहावं लागतं. माझी यात अख्खी एक दुपार गेली होती.

खरा उपयोग कळला तो 502 आणि 504 च्या वेळी. ग्राहकाला दोन्ही 'बंद'च दिसतात. 502 म्हणजे विनंती घेणाऱ्या पुढच्या सर्व्हरला पान तयार करणाऱ्या मागच्याकडून धड उत्तर मिळालं नाही, बहुतेकदा मागची प्रक्रियाच मेलेली असते. 504 म्हणजे मागचा वेळेत बोललाच नाही. महिन्याच्या बिलांचं पान उघडत नव्हतं, तेव्हा कर्लला लागलेला वेळही छापायला सांगितला. दर वेळी 60 सेकंदांच्या जरासं पुढे, आणि 504. आमचा पुढचा सर्व्हर एंजिनएक्स (nginx) मागच्या उत्तराची मुळात 60 सेकंदच वाट बघतो. मग सर्व्हर रीस्टार्ट करायच्या भानगडीत न पडता थेट डेटाबेस बघितला. बिलांच्या टेबलवर तारखेचा इंडेक्सच (नोंदी झटकन शोधायची सूची) नव्हता. तो टाकला आणि पान दोन सेकंदांत उघडलं.

पत्ता बदलताना 301 (पत्ता कायमचा बदलला) च्या जागी 302 लागलेलाही यातच सापडला. 302 म्हणजे तात्पुरता मुक्काम, त्यामुळे गुगल जुना पत्ता सोडेना.

खटकतं ते एकच. 404 (पान सापडलं नाही) आला तरी कर्ल स्वतः काम फत्ते झाल्यासारखं शून्य परत करतं. हेच शून्य बघणारी माझी रात्रीची आपोआप चालणारी तपासणी त्यामुळे आठवडाभर 'ठीक' म्हणत राहिली. उणे स्मॉल एफ जोडल्यावर 400 आणि त्यापुढच्या आकड्यांना ते 22 देतं. शिवाय कॅपिटल आयने नुसतं हेडर (पानाशिवाय फक्त उत्तराची माहिती) मागितलं जातं, आणि काही सर्व्हर त्यालाच 405, म्हणजे अशी विनंती चालत नाही, म्हणतात. तेव्हा पान नेहमीसारखं मागवून आकडा बघावा.

पाचपैकी साडेचार. अर्धा गुण त्या शून्यासाठी कापला.