सोलापूरला चार पुतळ्याजवळ १३,१५० रुपयांना फसलो, चादरी घ्यायला जाणाऱ्यांनी वाचा

आधीच सांगते, माझा राग सोलापूरवर नाही. राग आहे त्या एका माणसावर आणि त्यानंतर ज्यांनी ज्यांनी आमच्याकडे "तुमचीच चूक" अशा नजरेनं बघितलं त्या सगळ्यांवर. आणि हो, स्वतःवरही आहे.

आम्ही नाशिकचे. संक्रांतीनंतर अक्कलकोट, तुळजापूर करून परत जाताना एक दिवस सोलापूरला थांबलो. मी, नवरा, सासूबाई आणि मुलगी. नणंदेचं लग्न तोंडावर, आहेराला सोलापुरी चादरी द्यायच्या हे सासूबाईंनी दिवाळीपासून ठरवलेलं. सकाळी सिद्धेश्वराचं दर्शन झालं, गड्ड्याची यात्रा चालू होती त्यामुळे होम मैदानाकडे तुडुंब गर्दी, म्हणून म्हटलं चला चार हुतात्मा पुतळे बघू आणि मग भुईकोट किल्ला.

चौकात उभे राहून मुलीला सांगत होते. माझे वडील इतिहासाचे मास्तर होते, त्यामुळे मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकिसन सारडा, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे ही नावं मला लहानपणापासून पाठ. १९३० साली गांधीजींना अटक झाली, सोलापूर पेटलं, १२ मेला मार्शल लॉ लागला आणि पुढच्या वर्षी या चौघांना फाशी दिली. पुतळ्यांना हार घातलेले होते, नुकताच स्मृतिदिन झालेला ना, झेंडू सुकला होता पण काढला नव्हता.

तेवढ्यात तो आला. पन्नाशीचा, इस्त्रीचा पांढरा शर्ट, गळ्यात लॅमिनेट केलेलं कार्ड. "काय ओ ताई, बाहेरगावचे का? मी गाईड हाय हितला." कार्ड आम्ही वाचलं नाही. कोण वाचतं? मग चौघांची माहिती सांगायला लागला आणि पुतळ्यांच्या पायाशी बोट दाखवून म्हणाला, "हितंच, ह्याच जागेवर फाशी दिली बघा चौघांना."

इथे. इथेच मला कळायला पाहिजे होतं. फाशी येरवड्याला झाली, पुण्यात, १२ जानेवारी १९३१. हे मला माहीत होतं! वडिलांनी दरवर्षी त्या दिवशी सांगितलंय. सोलापूरचा गाईड म्हणवणारा माणूस ही गोष्ट चुकूच शकत नाही, इथलं शाळेतलं पोरही चुकणार नाही. आणि मी काय केलं, तर वयानं मोठा माणूस आहे, चारचौघांत कशाला तोंडावर पाडायचं म्हणून गप्प बसले. मुलीनं माझ्याकडे बघितलंसुद्धा, "आई, तू तर येरवडा म्हणालीस." मी तिलाच गप्प केलं. महिना होऊन गेला, पण ते आठवलं की अजून झोप लागत नाही.

पुढचं तुम्हाला माहीतच असेल कसं असतं ते. "किल्ला आज यात्रेमुळे बंद हाय." गर्दी एवढी की खरंच वाटलं. किल्ला तिथून चालत जाण्यासारखा, जाऊन बघायला पाहिजे होतं. जागा बंद आहे हे गेटवर बघायचं, रस्त्यावरच्या माणसाकडून ऐकायचं नाही. "कारखान्यातून मिलच्या रेटनं चादरी देतो, दुकानात डबल घेतात." रिक्षा त्यानंच ठरवली, ३५० रुपये. शहराच्या कडेला एक गोडाऊन, आत एक माग चालू होता, खडखड आवाज, सासूबाईंना तर तो आवाज ऐकूनच विश्वास बसला. आणि चादर दाखवली ती खरी होती, हे मी आजही सांगते. जाड, सुती, मोराचं डिझाइन, मागच्या बाजूला तेच डिझाइन उलट्या रंगात. माझ्या हातानं उलटून बघितली.

१४ चादरी, ८५० ची एक, म्हणजे ११,९००. १० टॉवेल १४० नं, १,४००. घासाघीस करून १२,६०० ला तुटलं. गाईडला वर २०० दिले, त्यानं मागितले नव्हते, सासूबाईंनीच दिले. क्यूआर स्कॅन केला तेव्हा दुकानाचं नाव नाही, कुठल्यातरी बाईचं नाव आलं. नवऱ्यानं विचारलं तर म्हणे "मालकीणबाईंचं हाय." पैसे टाकायच्या आधी नाव वाचा आणि दुकानाशी जुळत नसेल तर तिथून उठा. बिल म्हणजे कोऱ्या कागदावर "चादर १४, टॉ. १०", ना जीएसटी नंबर, ना पत्ता.

गठ्ठा आमच्यासमोर बांधला नाही, आतून शिवून आणला. स्टेशनवर नवऱ्यानं तो एका हातानं उचलून बर्थखाली सरकवला. चौदा जाड चादरी कोण एका हातानं उचलतं? तेव्हाही डोक्यात आलं नाही, मुलगी रडत होती, गाडी सुटायला आलेली.

घरी उसवला तर वरच्या दोन खऱ्या, खालच्या बारा पातळ, एका बाजूनं छापलेल्या, पाय झाकले तर खांदे उघडे पडतील एवढ्या. एक धागा काढून काडीनं पेटवला, सुताची राख होते, याचा वितळून काळा कडक मणी झाला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, आत जाऊन पडल्या.

आता पुढचं ऐका. सोलापूरला चौकीत फोन केला, "गोडाऊन आमच्या हद्दीत नाही." दुसरीकडे केला, "पत्ता सांगा." पत्ता असता तर फोन कशाला केला असता? "मग इथं येऊन तक्रार द्या." नाशिकहून? बारा चादरींसाठी चौघांचं भाडं घालून? इथल्या पोलीस स्टेशनला गेलो तर म्हणे घटना तिकडची. आता नवीन कायद्यात झिरो एफआयआर कुठल्याही ठाण्यात घेता येते, हद्द बघायची नसते, हे मी त्यांना सांगितलं तर साहेब हसले, "मॅडम, चादरीच ना?" चादरीच! बँकेत गेलो, "पिन तुम्हीच टाकलाय, आम्ही काही करू शकत नाही." पर्यटनाच्या एका ऑफिसात तीन दिवस फोन लावला, एकदा जेवायची वेळ, एकदा साहेब मीटिंगला, एकदा "आम्ही गाईडना कार्ड देतच नाही" म्हणून ठेवून दिला. मग तो गळ्यात कार्ड घालून भर चौकात फिरतोय ते कोण थांबवणार? हुतात्म्यांच्या पुतळ्यांसमोर उभा राहून खोटं सांगतोय तो!

कोणी म्हणेल नाशिकची शिकलेली माणसं, असं कसं फसली. आम्ही बारगेन केलं, माल उलटून बघितला, समोर माग बघितला. अजून काय करायचं होतं? एकच राहिलं, गठ्ठा समोर मोजून बांधून घ्यायचा. तेवढं तुम्ही करा.

चादरी हव्या तर बाजारपेठेतल्या पक्क्या दुकानातून घ्या, छापील बिल मागा. रिक्षावाला किंवा गाईड नेईल तिथे जाऊ नका, त्याचं कमिशन तुमच्याच पैशातून जातं. फसलात तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर लगेच नोंद करा, आमच्यासारखे चौक्यांना फोन करत आठवडा घालवू नका. ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि तक्रार आपण राहतो तिथेही करता येते. मी करणार आहे. पण समोरच्याचा पत्ता लागतो आणि माझ्याकडे आहे फक्त फोनवर आलेलं एक नाव आणि तो कोरा कागद. त्या गोडाऊनला कोणी गेलं असेल, मोराचं डिझाइन दाखवतात, दारात निळा पत्रा आहे, तर रस्ता तेवढा कळवा.