मुलांशिवाय शनिवार-रविवार: घरी थांबावं की बाहेर पडावं?

लहान मुलं असलेल्या घरात असे दोन दिवस क्वचितच हाती येतात. मुलांना सांभाळायला कुणीतरी हक्काचं तयार झालंय, दोघांनाही सुट्टी आहे, आणि आता ठरत नाहीये की या दोन दिवसांचं करायचं काय. मुलं आजी-आजोबांकडे किंवा मावशी-काकांकडे धाडून आपण घरीच निवांत राहायचं? की सांभाळणाऱ्यांना आपल्या घरी राहायला बोलवून आपण कुठेतरी जायचं? माझा कौल आधीच सांगते. दोघंही थकलेले असाल तर मुलांना पाठवा आणि घरी थांबा. मूल दीड वर्षाच्या आतलं असेल तर मात्र मी उलटं सांगेन.

झोप

बहुतेक आईबाबांना या दोन दिवसांत मनापासून हवी असते ती झोप, आणि इथे घराचं पारडं बरंच जड आहे. नव्या जागी पहिल्या रात्री नीट झोप लागत नाही, हा सगळ्यांचाच अनुभव. ब्राउन विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१६ साली याची तपासणी केली, तेव्हा दिसलं की अनोळखी जागी पहिल्या रात्री मेंदूचा डावा अर्धा भाग उजव्याइतका गाढ झोपत नाही. बारीकसारीक आवाजांचीही तो दखल घेत राहतो. म्हणजे हॉटेलातल्या दोन रात्रींपैकी एक अशी अर्धवट जागेपणी जाणार. वर्षभर मुलाच्या प्रत्येक कुशीवर जाग येणाऱ्या माणसाला हा सौदा परवडत नाही.

घरी राहिलात तरी दुपारपर्यंत लोळत पडू नका. साठलेली झोप एका सकाळीत भरून निघत नाही, उलट रविवारी रात्री डोळा लागत नाही आणि सोमवार आंबलेला उगवतो. त्यापेक्षा शनिवारी रात्री लवकर आडवं व्हा, आणि दुपारी वीसेक मिनिटांची डुलकी काढा.

मुलाला काय सोपं जाईल

निर्णय खरं तर इथे होतो. आईबाबा दिसेनासे झाले की कासावीस होणं साधारण आठ-नऊ महिन्यांपासून सुरू होतं, दहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान ते सर्वात तीव्र असतं, आणि बहुतेक मुलांमध्ये दोन-तीन वर्षांपर्यंत ओसरतं. या वयात आईबाबाही नाहीत आणि बिछानाही अनोळखी, असं दुहेरी ओझं बाळावर कशाला टाकायचं? त्याला त्याच्याच खोलीत, त्याच्याच पांघरुणात, ओळखीच्या माणसाजवळ राहू द्या आणि तुम्ही बाहेर पडा. तीन-चार वर्षांच्या मुलाला मात्र आजीकडे राहायला जाणं हीच मजा असते. बॅग तोच भरतो, आणि त्यात भलत्याच वस्तू कोंबतो. त्या राहू द्या.

कुठलाही पर्याय घ्या, डोळा चुकवून निघू नका. रडू येणार असेल तर येऊ दे, पण आपण जातोय आणि कधी परत येणार, हे त्याला सांगून निघा.

बाळ अंगावर पीत असेल तर एका रात्रीपेक्षा जास्त मला तरी बरोबर वाटत नाही. काढून ठेवलेलं दूध खोलीच्या साधारण तापमानाला चार तास आणि फ्रिजमध्ये चार दिवस टिकतं, त्यामुळे बाळाची सोय होते. आईला मात्र बाळाच्या पिण्याच्या वेळा सांभाळून दूध काढत राहावं लागतं, नाहीतर छाती दगडासारखी होऊन दुखायला लागते. ती दर तीन तासांनी उठणार असेल तर तिच्या निवांतपणाचा हिशेब वेगळा मांडायला हवा, आणि तो बाबाने मांडावा.

मूल दुसऱ्या घरी जाणार असेल तर आदल्या दिवशी ते घर त्याच्या उंचीवरून बघून या. उशाशी ठेवलेली आजोबांच्या गोळ्यांची डबी, न्हाणीघरात भरून ठेवलेली बादली, बाल्कनीच्या कठड्याजवळची खुर्ची. ज्या घरात लहान मूल रोज नसतं तिथे या गोष्टी कुणाच्या डोळ्यांवर येत नाहीत. मूल स्वतःच्याच घरी राहिलं तर ही काळजी बरीचशी मिटते.

घराची एक मोठी अडचण

घर काम सांगतं. मुलं गेल्यावर सोफ्याखालचा एक ठोकळा काढायला तुम्ही वाकता, मग तिथली धूळ दिसते, मग झाडू येतो, मग लहान झालेल्या कपड्यांचं कपाट उघडतं, आणि शनिवार संपतो. बरेचदा हे काम दोघांपैकी एकाच्याच अंगावर पडतं, म्हणजे एकाचीच सुट्टी होते. इथे बाहेर जाणं निर्विवाद सरस आहे, कारण तिथे न धुतलेले कपडे दिसतच नाहीत. घरी थांबणार असाल तर शुक्रवारी रात्रीच दोघांनी मिळून ठरवा की कुठल्या कामाला हात लावायचा नाही. मुलांच्या खोलीचं दार लावून घ्या. हे जमणार नाही अशी खात्री असेल तर सरळ बाहेर जा.

एकमेकांसाठी

नातं ताजं व्हायला बाहेरगावीच जावं लागतं, हे मला पटत नाही. मानसशास्त्रज्ञ आर्थर ॲरन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००० साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत काही जोडप्यांचे हातपाय एकमेकांना बांधून त्यांना गाद्यांवरून, मधला अडथळा ओलांडत रांगायला लावलं होतं. फक्त सात मिनिटं. नंतर त्या जोडप्यांना आपलं नातं अधिक समाधानाचं वाटलं. साधं, कंटाळवाणं काम दिलेल्यांमध्ये तसं दिसलं नाही. एका खोलीतल्या सात मिनिटांच्या नवलाईने एवढं होत असेल, तर घरच्या शनिवारी एक तास दोघांनी कधीच न केलेलं काहीतरी करून बघायला काय हरकत आहे? बाकीचा दिवस एकाने वाचलं आणि दुसरा झोपला तरी तोही सोबतीचाच वेळ.

पैसा आणि बेत फिसकटणं

लहान मुलांना वर्षातून सहा-आठ वेळा सर्दी-पडसं होणं सामान्य आहे. ऐनवेळी ताप आला तर आधीच केलेलं बुकिंग पाण्यात जातं. घरचा बेत फुकटात पुढच्या आठवड्यावर ढकलता येतो.

राहिला प्रश्न किती रात्रींचा. पहिल्यांदाच मुलाला सोडून राहत असाल तर एकच रात्र ठेवा, आणि रविवारी संध्याकाळची वाट न पाहता दुपारीच भेटा. भेटल्यावर ते चिकटून बसेल, किरकिर करेल, कदाचित आधी रुसून तोंड फिरवेल. सोमवारची धावपळ सुरू होण्याआधी त्याला हे सगळं करायला चार-पाच तास मोकळे मिळायला हवेत.