टेबलावरचा स्प्रे ड्रायर : भुकटी बारीक, पण एन्झाइम शाबूत का?

नाजूक प्रथिनांची काही मायक्रॉन आकाराची भुकटी करण्यासाठी आमच्या प्रयोगशाळेत टेबलावर मावणारा एक स्प्रे ड्रायर (द्रावणाचे बारीक थेंब गरम हवेत फवारून भुकटी करणारे यंत्र) घेतला, त्याला आता वर्ष झाले. कंपनीचे नाव देत नाही, कारण पुढे लिहिलेल्या बहुतेक गोष्टी या जातीचे कोणतेही यंत्र घेताना तपासून पाहाव्यात अशा आहेत.

प्रात्यक्षिकासाठी विक्रेत्याने लायसोझाइम हे एन्झाइम आणले होते. भुकटी हलकी आणि पांढरीशुभ्र निघाली, कण गोल होते आणि क्रियाशीलताही, म्हणजे एन्झाइमची आपले काम करण्याची क्षमताही, जवळजवळ पूर्ण टिकली होती. परंतु चार डायसल्फाइड बंधांनी (गंधकाच्या अणूंमधल्या जोडण्यांनी) घट्ट बांधलेले लायसोझाइम मुळातच दणकट असते. ते टिकले म्हणून दुसरे एन्झाइम टिकेलच असे नाही. यंत्र आल्यावर आम्ही लॅक्टेट डीहायड्रोजिनेज हे एन्झाइम घेतले. हे प्रथिन चार उपघटकांचे असून द्रावणात फेस होईपर्यंत नुसते घुसळले तरी बिघडू लागते. यंत्राची खरी परीक्षा अशाच प्रथिनावर होते.

आत येणारी हवा 110 अंश सेल्सिअसची आहे हे ऐकून नवखा माणूस दचकतो, पण थेंब ओला असेपर्यंत बाष्पीभवनामुळे थंड राहतो आणि त्याचे तापमान साधारण 40 अंशांच्या आसपासच असते. म्हणून जपायचे असते ते बाहेर पडणाऱ्या हवेचे तापमान, आणि या बाबतीत हे यंत्र उत्तम आहे. 55 अंशांवर बसवलेले आउटलेट तापमान दोन-तीन तासांच्या फेरीत एखाद-दुसऱ्या अंशापलीकडे हलत नाही. पंपाचा वेग बदलला तरी ते लवकर स्थिरावते.

खरी ओढाताण नोझलपाशी, म्हणजे द्रावण फवारणाऱ्या तोंडापाशी, सुरू होते. फवारणीच्या वायूचा दाब वाढवला की थेंब बारीक होतात, पण तेवढ्याच द्रावणाचा हवेला लागणारा पृष्ठभाग वाढतो आणि त्या पृष्ठभागावर प्रथिने उलगडून चिकटतात. द्रावण पातळ करून कण लहान करावेत म्हटले, तर व्यास निम्मा करण्यासाठी सांद्रता एक अष्टमांशावर आणावी लागते; मग भुकटी चिमूटभर मिळते आणि प्रथिनाच्या वाट्याला पृष्ठभागही जास्त येतो. नुकसान उष्णतेने होते की फवारणीने, हे कळण्यासाठी एक साधी चाचणी आहे : हीटर बंद ठेवून तेच द्रावण त्याच दाबाने बर्फात ठेवलेल्या चंचुपात्रात फवारावे आणि मग 340 नॅनोमीटर तरंगलांबीच्या प्रकाशावर क्रियाशीलता मोजावी. आमच्याकडे घट तिथेच दिसली, म्हणजे हवा तापण्यापूर्वीच एन्झाइम बिघडत होते. द्रावणात पॉलिसॉर्बेट 20 (प्रथिनाऐवजी स्वतः पृष्ठभागावर जमणारा साबणासारखा पदार्थ) अगदी थोडे घातल्यावर ती बरीचशी भरून निघाली. माहितीपुस्तिकेत तापमानावर पानेच्या पाने आहेत आणि या गोष्टीवर एक ओळही नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

यंत्राचा मोठा दोष म्हणजे भुकटी गोळा करणारी बाटली. ती सायक्लोनच्या, म्हणजे हवा गरगर फिरवून तिच्यातून भुकटी वेगळी करणाऱ्या भागाच्या, खाली असते आणि फेरी संपेपर्यंत सुरुवातीची भुकटी त्याच कोमट, दमट हवेत पडून राहते. दोन तासांच्या फेरीनंतर बाटली उचलली तेव्हा वरचा थर सैल होता. तळाशी मात्र भुकटीचा चकतीसारखा पापुद्रा झाला होता आणि स्पॅच्युला लावल्यावर त्याचे तुकडे पडले. तळातील नमुन्याची क्रियाशीलता वरच्यापेक्षा स्पष्टपणे कमी होती. आम्ही प्रथिनाभोवती ट्रेहॅलोज ही साखर वापरतो. पाणी निघून गेल्यावर ती प्रथिनाशी हायड्रोजन बंध जोडते आणि काचेसारख्या अवस्थेत त्याला जखडून ठेवते. कोरड्या ट्रेहॅलोजची ही काच सुमारे 115 अंशांपर्यंत टिकते, पण थोड्याशा ओलाव्याने ती मर्यादा झपाट्याने खाली येते. आता दर वीस मिनिटांनी बाटली बदलतो आणि भरलेली बाटली लगेच शोषकाच्या डब्यात ठेवतो. बाटली बदलण्यासाठी फवारणी थांबवावी लागते. तिथे एक झडप दिली असती तर हा खोळंबा टळला असता.

दुसरा दोष सायक्लोनचा आहे. सुमारे दोन मायक्रॉनपेक्षा लहान कण त्यात नीट अडकत नाहीत आणि फिल्टरवर जातात. फुप्फुसांत पोहोचण्यासाठी एक ते पाच मायक्रॉनचे कण लागतात. म्हणजे आपल्याला हव्या असलेल्या मालातीलच काही भाग हातचा जातो. सायक्लोनच्या काचेला चिकटून होणारी नासाडी ल्युसिन हे अमिनो आम्ल घातल्यावर खूप कमी झाली, कारण ते कणाच्या पृष्ठभागावर जमून कण एकमेकांना आणि काचेला चिकटू देत नाही.

फ्रीझ ड्रायर (गोठवून सुकवणारे यंत्र) हा पर्याय आहेच, पण त्यातून वडी मिळते, आणि ती जेट मिलमध्ये (वायूच्या झोताने दळणाऱ्या यंत्रात) दळताना बसणारे आघात प्रथिनाला पुन्हा सोसावे लागतात. बारीक कणच हवे असतील तर मी आजही स्प्रे ड्रायरच निवडेन. काचेचे भाग सहज सुटतात आणि पाण्याने धुता येतात. नोझलची सुई मात्र प्रत्येक फेरीनंतर साफ करावीच लागते.

बाहेर जाणाऱ्या हवेवर मूळ यंत्रासोबत साधा फिल्टर येतो. अतिसूक्ष्म धूळही अडवणारा हेपा फिल्टर वेगळा मागवावा लागतो. एन्झाइमची बारीक धूळ श्वासातून वारंवार आत गेल्यास दम्यासारखी ॲलर्जी जडू शकते, त्यामुळे तो फिल्टर यंत्राबरोबरच मागवावा आणि तो बसेपर्यंत एन्झाइमची एकही फेरी घेऊ नये. बाटली आम्ही नेहमी बंद कपाटातच उघडतो.